बद्द वाजणारे खोके

परवडण्याजोग्या किमतीत जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर कोणते घ्यावेत, हा प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका कुणालाही यावी. आम्हांलाही प्रारंभी तो निव्वळ बाजारहाटाचा प्रश्न वाटत होता. सात-आठ महिने त्यात गेल्यावर ध्यानात आले, की हा बराचसा भाषेचा प्रश्न आहे. आवाज चांगला म्हणजे कसा, हे ज्या शब्दांत आपण स्वतःला सांगतो त्या शब्दांनीच कानाने कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरते. आणि शब्द उसने असले तर खरेदीही उसनीच होते.

आम्ही म्हणजे मराठीचे दोन शिक्षक. एकाची नोकरी पालघरला, दुसरीची बोईसरला. राहणे बोईसरला, रेल्वेमार्गापासून फारसे दूर नसलेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. घरात तिसऱ्या माई. आमच्यापैकी एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. बालगंधर्वांची पदे त्यांना तबकडीवरच्या खरखरीसह पाठ. गेल्या दोन वर्षांत मात्र माईंनी गाणे लावा असे म्हणणे हळूहळू सोडून दिले. विचारले तेव्हा म्हणाल्या, "सूर येतो रे, पण शब्द कुठे जातात कळत नाही." वयोमानाने प्रथम जाते ते वरच्या कंपनसंख्यांचे ऐकणे. भाषेतले स्वर बहुतांशी खालच्या आणि मधल्या भागात वसतात, म्हणून ते उरतात. 'स', 'श', 'त', 'ख' यांची ओळख पटवणारा अंश वरच्या भागात असतो, तो विरतो. व्याकरणात स्वर स्वतंत्र आणि व्यंजने परावलंबी, असे आपण वर्गात शिकवतो. म्हातारपणी कान तोच नियम निराळ्या रीतीने शिकवतो. कानात बसवायचे यंत्र माई बोलण्यासाठी वापरतात, गाण्याला काढून ठेवतात; त्यातून तंबोरा पत्र्याचा वाटतो, ही त्यांची तक्रार. घरात गाण्याचे साधन म्हणजे संगणकाशेजारच्या दोन प्लॅस्टिकच्या डब्या. तेव्हा हा केवळ हौसेचा मामला नव्हता. एक माणूस गाण्यापासून दूर जात होते, आणि आमच्या हाती स्पीकरांसाठी साठ हजार व अॅम्प्लिफायरसाठी पंचवीस हजार रुपये होते.

अभ्यासक मंडळींच्या सवयीने आम्ही आधी वाचन केले. इंग्रजीत स्पीकरांच्या परीक्षणांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याची परिभाषा ठरलेली आहे. आवाज 'वॉर्म' असतो किंवा 'ब्राइट' असतो. 'फॉरवर्ड' असतो किंवा मागे रेलून बसलेला असतो. बास 'टाइट' असावा लागतो, आणि डोळे मिटले की 'साउंडस्टेज' दिसावे लागते. पंधरा-वीस परीक्षणे वाचल्यावर आमच्यापैकी एकाला ती कवितासंग्रहांच्या प्रस्तावनांसारखी वाटू लागली: विशेषणे फिरवली तर कोणतीही कोणालाही लागू पडावी. यातली कित्येक विशेषणे उष्णतेची, प्रकाशाची, जागेची आहेत. कानाची अशी थोडीच. आणि ज्या संगीतावर ती घडली त्यात पियानो, ड्रम आणि विजेची गिटार आहे. तंबोऱ्याची चौथी तार सुटल्यावर जी लांबत जाणारी आस मागे उरते, तिच्यासाठी त्या कोशात शब्द नाही.

आपल्याकडे आहेत. आमच्यातल्या दुसरीने एका संध्याकाळी वहीत यादी केली: जवारी, आस, घुमारा, गोलाई, कणीदार, पल्लेदार, ढाला, खणखणीत, किनरा, चिरका, घोगरा, भसाडा, फुटका, पिंपात बोलल्यासारखा, आणि बद्द. ही यादी घेऊन बाजारात जावे, असे आम्ही ठरवले. स्वभाषेचा अभिमान म्हणून नव्हे. या शब्दांमागे आमच्या कानांची पन्नास वर्षांची तालीम होती, आणि 'वॉर्म'मागे नव्हती.

पण यादी नीट पाहिल्यावर एक अडचण उघड झाली. यातले सगळे स्तुतीचे शब्द वाद्याचे किंवा गळ्याचे आहेत. तंबोऱ्याचा भोपळा घुमावा म्हणूनच तो इतका मोठा निवडतात. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात ती तारेला स्वतःचा रंग यावा म्हणून. वाद्याचे थोरपण त्याच्या अनुनादात. स्पीकरचे नेमके उलट. किशोरीताईंचा भूप वाजत असता जर लाकडी खोके आपला घुमारा त्यात मिसळू लागले, तर तो घुमारा प्रत्येक गायिकेला, प्रत्येक रागाला तोच चिकटेल. पहिल्या दिवशी तो गोड वाटतो. महिनाभराने कळते की माणिक वर्मा आणि मल्लिकार्जुन मन्सूर एकाच पेटाऱ्यातून गात आहेत. म्हणजे आमच्या यादीचे दोन भाग करावे लागले: काही गुण गाणाऱ्याचे, ते वाटेत न गमावता पोचले पाहिजेत, तेच गुण खोक्याचे असतील तर ते दोष. मूळ लेखकाची शैली आणि अनुवादकाची शैली यांत आपण जो भेद करतो तोच हा. आवाज 'छान घुमतो' असे दुकानात ऐकले, की आम्ही विचारू लागलो, कोण घुमते आहे?

आता उंच स्पीकरच का, हे सांगितले पाहिजे, कारण गळ्यासाठी त्याची सक्त गरज नाही, हे आम्हांला आकडेमोडीतून कळले होते. पुरुष गायकाने काळी एकचा षड्ज धरला, तर तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनांवर बोलते. काळी चारला गाणाऱ्या गायिकेचा खर्ज १०४च्या आसपास. याच्या खाली आपल्या बैठकीच्या गाण्यात मूळ स्वर असा फारसा नाही. टेबलावरचा बरा लहान स्पीकरही ५५-६० कंपनांपर्यंत उतरतो. उंच स्पीकर ३५-४०पर्यंत जाण्याची बढाई मारतो, ती आमच्या कामाची नव्हती.

त्यातून आमची खोली. लांबी चौदा फूट, रुंदी दहा, उंची साडेनऊ. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला आणि त्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागले, तर ४०, ५७ आणि ६० हे आकडे मिळतात. या तीन कंपनसंख्यांवर खोली स्वतःच गाऊ लागते. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्याने ५७ आणि ६० शेजारी-शेजारी आले आहेत, म्हणजे तिथे दुप्पट गोंगाट. बिल्डरांनी बांधलेल्या छोट्या घरांतून हे सर्रास आढळते. असल्या खोलीत फार खाली उतरणारा स्पीकर ठेवणे म्हणजे पाटावरच्या मुलाला घोड्याचे खोगीर देणे.

तरीही उंच घेतला, त्याला दोन कारणे. पहिले कारण रात्रीचे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान केला म्हणजे कान सर्व कंपनसंख्यांना सारखाच कमी प्रतिसाद देत नाही. खालचे स्वर अधिक वेगाने नाहीसे होतात. आमची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. नऊनंतर गाणे ऐकायचे ते हळू आवाजातच, आणि हळू आवाजात प्रथम बुडतो तो तंबोरा. मोठ्या खोक्यात हवेचे आकारमान जास्त, वूफर बहुधा दोन. त्यामुळे कमी श्रमात खर्ज भरीव राहतो. 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा जो आकडा कागदावर असतो तो याचसाठी पाहावा: ८७च्या जागी ९० डेसिबल असेल, तर तेवढ्याच आवाजाला अॅम्प्लिफायरची शक्ती निम्मीच लागते. पंचवीस हजारांच्या अॅम्प्लिफायरला हा मोठाच आधार. दुसरे कारण अगदी घरगुती. लहान स्पीकरला उंच तिवई लागते, बरी तिवई महाग असते, ती जागा तेवढीच अडवते, आणि माईंच्या काठीचा धक्का लागून पडण्याची शक्यता अधिक.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालणे हा आमच्या पिढीचा संस्कार आहे. तो आम्ही पार पाडला. नंतर उपनगरांतल्या दोन-तीन दुकानांत गेलो. सगळीकडे काचेची गार खोली, जाड गालिचा, भिंतींना मऊ फळ्या, आणि स्पीकरची ओळख करून देण्यासाठी ठरलेले दोन-तीन इंग्रजी तुकडे, ज्यांत कुणी बाई कानाशी कुजबुजते आणि मग ढोल कोसळतो. "सर, बास बघा," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले, की बास हा बघण्याचाच विषय असावा असे वाटू लागले. आम्ही आमचे तुकडे पेन-ड्राइव्हवर नेले होते: बालगंधर्वांचे एक पद, केसरबाई केरकरांची भैरवी, कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन, किशोरीताईंचा भूप, आणि आमच्यापैकी एकाने फोनवर ध्वनिमुद्रित केलेले माईंचे पाच मिनिटांचे बोलणे, भाकरीच्या पिठाविषयी.

या शेवटच्या तुकड्याला दुकानातले तरुण हसले, ते साहजिक होते. पण ओळखीच्या माणसाच्या बोलण्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. एखादे वाद्य मुळात कसे वाजत होते हे आपल्याला ठाऊक नसते. माई कशा बोलतात हे ठाऊक असते. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात बाह्यप्रक्षेपणाच्या अरुंद गाड्यांसाठी एलएस३/५ए हा फूटभर उंचीचा स्पीकर सिद्ध केला, तेव्हा मानवी बोलणे हीच त्यांची मोठी कसोटी होती. त्याहीपूर्वी, वॉर्फडेल या कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एकाच मंचावर जिवंत वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण आळीपाळीने ऐकवले होते. यॉर्कशायरच्या इल्कली गावी स्वतःच्या घराच्या तळघरात धंदा सुरू करणारा हा गृहस्थ. मूळ पाहा आणि मग नक्कल पाहा, ही त्याची रीत आम्हांला फार आवडली. आम्ही तीच केली, फक्त मूळ आमच्या शेजारीच उभे होते. होय, दुसऱ्या खेपेस माईंना घेऊनच गेलो.

एका जोडीवर माई नाकात बोलू लागल्या. दुसरीवर त्यांचे वय वीस वर्षांनी कमी झाले आणि प्रत्येक 'स' शिट्टीसारखा आला. वर उजळ केलेला असा आवाज कमी ऐकणाऱ्याला उपकारक ठरेल, असा आमचा कयास होता. माईंनी तो पाच मिनिटांत मोडला: "शब्द कळतात, पण बोचतात." गेलेले ऐकणे वरचा आवाज नुसता वाढवून परत येत नाही, मधला भाग स्वच्छ असेल, त्यावर खालचा घुमार चढून बसत नसेल, तर उरलेल्या कानाला उरलेले शब्द जुळवता येतात. हे त्या दिवशी जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही परीक्षणातून झाले नव्हते.

तिसऱ्या जोडीपाशी माईंनी काठी आमच्याकडे दिली, आणि बाजारात मडके घेताना वाजवून पाहतात तसे खोक्याच्या बाजूला बोटांच्या सांध्यांनी ठोकले. "बद्द वाजतंय," त्या म्हणाल्या. विक्रेत्या मुलाला शब्द कळला नाही, तरी सूर नापसंतीचा नाही हे कळले. मडके बद्द वाजले तर त्याला चीर आहे, ते परत ठेवायचे. खोके बद्द वाजले तर आतून आडव्या फळ्या ठोकलेल्या आहेत, भिंती आपल्या मनाने गात नाहीत, ते घरी न्यायचे. बीबीसीच्या मंडळींनी तर पातळ प्लायवूडच्या भिंतींना आतून डांबरी थर देऊन हा बद्दपणा मुद्दाम साधला होता. शेजारच्या महागड्या, चकचकीत जोडीला ठोकले, तर ती टणटणली. "हे मडकं चांगलं," माई म्हणाल्या, "पण गाणं नको त्यातून."

सोबत नेलेल्या तुकड्यांपैकी दोन मोनो होते, याची विक्रेत्यांना काळजी. स्टिरिओ यंत्रणेवर एकाच वाहिनीचे ध्वनिमुद्रण ऐकणे त्यांना अन्नाचा अपमान वाटत असावा. ॲलन ब्लुमलाइन यांनी दुहेरी वाहिनीचे पेटंट १९३१ साली मागितले, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८च्या सुमारास. म्हणजे ज्यांना आपण आपले अभिजात गायन म्हणतो, त्याचा मोठा हिस्सा त्याआधीचा आणि एकाच वाहिनीचा. केसरबाईंची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली, ती या जुन्या, तीन-साडेतीन मिनिटांत सारे सांगून टाकणाऱ्या परंपरेतलीच. आणि मोनो हीच जोडीची खरी परीक्षा. दोन्ही खोकी अगदी सारखी असतील, तरच केसरबाई दोहोंच्या बरोबर मध्ये, रिकाम्या हवेत उभ्या राहतात. जरा डावे-उजवे असेल तर त्या पसरतात, धूसर होतात. जे मध्ये नाही ते मध्ये ऐकू येणे, यापलीकडे 'टू-चॅनेल'चा चमत्कार नाही.

त्या चमत्काराला एक अट आहे, आणि ती आमच्या घराला नडली. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. त्रिकोणाला टोक एकच. आम्ही तिघे.

या जिल्ह्यात राहून हे अधिकच खटकते. जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा वाजवणारा मध्ये असतो. भोपळ्याच्या हवाकोठीला बांबूच्या नळ्या, टोकाला ताडपानांचा कर्णा; त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेली माणसांची सर्पिल ओळ फिरत राहते. वाजवणाराही फिरतो. आवाज कधी पाठीवर येतो, कधी तोंडावर, आणि कुणाचीच जागा उत्तम नसते, कारण कुणी बसलेलेच नसते. वारली चित्रांतून आता भिंतीभिंतीवर पोचलेली ही आकृती आणि स्टिरिओचा त्रिकोण समोरासमोर ठेवून पाहावेत. एकात नाद केंद्रस्थानी, ऐकणारे परिघावर. दुसऱ्यात ऐकणारा एकटा टोकावर, बाकी सगळे त्याच्यासाठी मांडलेले. आपली खाजगी मैफल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते: गवई समोर, पण श्रोते गालिचावर दाटीने, आणि दाद शेजाऱ्याकडे पाहून द्यायची.

गालिचावर, हेही महत्त्वाचे. उंच स्पीकरचे वरच्या स्वरांचे तोंड, म्हणजे ट्वीटर, साधारण नव्वद सेंटिमीटरवर असते. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाची उंची गृहीत धरून. गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान पंधरा-वीस सेंटिमीटर खाली जातो, आणि तिथे व्यंजने तितकी स्पष्ट पोचत नाहीत. माई गाणे ऐकतात ते गादीवर, भिंतीला तक्क्या लावूनच. खुर्चीवर बसून बालगंधर्व ऐकायचे म्हणजे बँकेत बसल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा आम्ही निवड करताना दुकानातल्या गालिचावरही बसून ऐकले. एका ठिकाणी व्यवस्थापकांनी खुर्च्या आणायला सांगितल्या. त्यांची समजूत घालावी लागली.

या भागापुरत्या आणखी काही गोष्टी थोडक्यात. तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि इथल्या चार महिन्यांच्या ओलीत वूफरच्या कडेची फोमची पट्टी टिकत नाही, दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. रबराची कडा पाहून घ्यावी. दाबलेल्या भुशाच्या फळीचा तळ फरशीच्या ओलाव्याने फुगतो, म्हणून खाली पाय हवेतच. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९पासून याच तालुक्यात असले, तरी दिवे जातात नि येतात. अॅम्प्लिफायरला स्टॅबिलायझर लावला. आणि नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीकडे जे भूकंपाचे धक्के बसत आले, त्यांची आठवण असलेल्या माणसाने मीटरभर उंच, अरुंद खोके विकत घेताना त्याचा पाया हाताने हलवून पाहिला, तर त्याला भित्रे म्हणू नये.

शेवटी जी बद्द वाजली तीच जोडी आली: साडेसहा इंची दोन वूफर, कापडी घुमटाचा ट्वीटर, मागे नव्हे तर पुढे उघडणारे हवेचे तोंड, कारण भिंतीपासून दोन फूट पुढे ओढण्याइतकी आमची खोली मोठी नाही. किंमत ठरवलेल्या रकमेहून चार हजारांनी जास्त. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की वाचक नाव लिहून घेतो आणि खोली मोजत नाही. घरी आल्यावर ५७-६०चा गोंगाट अपेक्षेप्रमाणे झालाच. दोन्ही खोकी कोपऱ्यांपासून हलवली, तोंडात मोजे कोंबून पाहिले (सुती बरे), पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला आणले. संत-वाङ्मयाचे जाड खंड आवाज शोषण्यास फारसे उपयोगी नाहीत, पण विस्कळित लावलेली कादंबऱ्यांची रांग तो फोडते बरी.

त्रिकोणाचे टोक माईंना दिले आहे. स्पीकरांच्या पुढच्या पायांखाली पट्ट्या घालून ते किंचित मागे कलवायचे, हे नेहमीचे शहाणपण. आम्ही मागच्या पायांखाली घालून पुढे झुकवले, म्हणजे ट्वीटर गादीकडे पाहतो. आम्ही दोघे तिच्या दोन्ही अंगांना बसतो, प्रत्येकाला आपापल्या बाजूची मैफल जरा जास्त मिळते. बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीत खालचे टोकही कापलेले आणि वरचेही. साठ हजारांच्या यंत्रणेला तिथे काही काम नाही असे वाटावे. परवा त्याच पदाच्या मधोमध माईंनी हात वर केला. आम्ही आवाज वाढवायला उठलो, तर त्या म्हणाल्या, "वाढवू नकोस, कमी कर. शब्द येतायत." सगळे आले असे नाही, कोणते आले आणि कोणते त्यांना पूर्वीपासून पाठ आहेत, हे आम्ही विचारले नाही.

पायांचा प्रश्न तेवढा अजून शिल्लक आहे. सोबत आलेले टोकदार खिळे गुळगुळीत फरशीवर घसरतात. त्यांखाली जुनी पाच रुपयांची जाड नाणी ठेवावीत असे एकाचे मत, रबराचे तुकडे ठेवावेत असे दुसरीचे. सध्या डावा स्पीकर नाण्यांवर आहे आणि उजवा रबरावर.